बाविसावी चादर

अजूनही कुठल्या हॉटेलच्या काउंटरवर ‘ओन्ली फॅमिली’ अशी पाटी दिसली की माझं डोकं फिरतं. नवरा माझा दंड धरून बाजूला ओढतो आणि म्हणतो, "जाऊ दे ना, ती पाटी आपल्यासाठी थोडीच आहे!" तेच तर म्हणते मी. आपल्यासाठी नाही, म्हणून आपण सगळे मूग गिळून आत शिरतो, खोलीची किल्ली घेतो आणि नाश्ता किती वाजेपर्यंत असतो ते विचारतो. मीही तसंच केलं होतं. त्याचाच तर राग आहे.

काकाजी म्हणजे माझे चुलत सासरे, माझ्या नवऱ्याचे काका. उमरेडला त्यांच्या घरी माग होता. माझे सासरे गेले तेव्हा नवरा सहा वर्षांचा होता, त्याच्या पाठचा भाऊ त्याहून लहान, सर्वांत मोठा भाऊ शाळेत आणि मधे एक बहीण. ही चार पोरं आणि वहिनी काकाजींच्या पदरात पडली. त्यांनी माग चालवला, माग बंद पडल्यावर नागपूरला इतवारीत चादरींच्या दुकानात उभं राहून तीस वर्षं कापड मोजलं, चौघांना मार्गाला लावलं आणि या सगळ्या भानगडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी बोलत नसे. मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, एवढं करून या माणसाला कोणी निदान एकदा तरी थँक्यू म्हटलं असेल. छे! आमच्याकडे त्याला शिष्टाचार म्हणतात आणि शिष्टाचार परक्यांशी करतात.

पण म्हणून काकाजी काही गरीब गाय नव्हते. फार छळायचे हो! त्यांचं एक खूळ होतं, चादर. जगातली कुठलीही खाट, दिवाण, पलंग दिसला की आधी चादरीचं टोक उचलायचे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळायचे, उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे आणि मग निकाल द्यायचे. "चादर खोटं बोलत नाही वं," असं म्हणायचे. मला पाहायला आले तेव्हा मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले. सगळे माझ्याकडे पाहताहेत आणि हे गृहस्थ आमच्या दिवाणाची चादर उलटी करून पाहताहेत! परतताना घरच्यांना म्हणाले, "चादर साधी हाय, पन सोडा टाकून धुतलेली हाय. करा सोयरीक." मी एम.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षा पास केलेली मुलगी, आणि माझं लग्न सोड्यावर ठरलं. हे मला लग्नानंतर वर्षभरानं कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बाळंतपणात दवाखान्याची चादर त्यांनी स्वतः ओढून काढली आणि नर्सच्या हातात दिली. "हे फरशी पुसाले घ्या," म्हणाले. नर्स दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘फॅमिली’ हा शब्द. काकाजींच्या बोलण्यात फॅमिली म्हणजे बायको, दुसरं काही नाही. त्यांच्या पिढीचे पुष्कळ लोक असंच बोलायचे. माझी ओळख करून देताना ते "ही आपल्या मधल्याची फॅमिली, ब्यांकेत हाय," असं सांगायचे आणि मी दात चावायची. लेकीला शाळेत ‘फॅमिली ट्री’ काढायला सांगितलं होतं. तिनं मोठं झाड काढून दाखवलं, तर म्हणाले, "झाडावर बाया कायले लटकवल्या वं?" आम्ही हसून हसून बेजार झालो. लेक म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण आहात त्यावर, हे बघा." त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "मी कसा असन? मले फॅमिली नाही ना." आम्ही त्यावरही हसलो.

सहलीचं खूळ त्यांचंच. आम्ही आणि काकाजी नागपूरला बेसा भागात, मोठे भाऊजी सावनेरला, धाकटे दीर पुण्याला, नणंद कुहीला. चार ठिकाणी चार संसार. त्या वर्षी ओळीनं दोन म्हाताऱ्या माणसांची तेरवी झाली आणि दुसऱ्या तेरवीहून परतताना गाडीत काकाजी म्हणाले, "आता मयतीलेच भेटून राहिलो आपन सगळे. कोनी न मरता एकडाव भेटा ना गा. एक रात सगळे एका जागी झोपा." नवरा गाडी चालवता चालवता "हो हो" म्हणाला. पण काकाजी इरेस पेटले. लेकीनं त्यांना मोबाइलवर एका थीम पार्कचा व्हिडिओ दाखवला होता, त्यात एक भला मोठा पाळणा. तो त्यांच्या डोक्यात बसला. नागपूरहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे ते पार्क. नाव सांगत नाही, त्याच्या मालकाला फुकटची जाहिरात कशाला? "लेकरं पाळन्यात बसतीन, आपन खाली बसू," असा त्यांचा बेत. महिनाभर सगळ्यांना फोन करून त्यांनी होकार मिळवला. एकूण माणसं बावीस. आणि हॉटेल शोधायचं काम कोणाकडे? अर्थात मधल्याच्या फॅमिलीकडे. ब्यांकेत हाय ना!

बावीस माणसांसाठी हॉटेल शोधणं म्हणजे काय ते ज्यानं शोधलं त्यालाच ठाऊक. पुण्याच्या जावेला स्विमिंग पूल हवा. सावनेरच्या जाऊबाईंना कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं. नणंदेला खोली तळमजल्यावर हवी. कोणी स्वतः एक फोन करत नव्हतं, पण मी पाठवलेल्या प्रत्येक हॉटेलवर ग्रुपमध्ये नाकं मुरडायला सगळे हजर. आणि घरात काकाजी! मी बँकेतून आले की माझा फोन घेऊन बसायचे आणि हॉटेलांना स्पीकरवर विचारायचे, "बालटी हाय का? मग हाय का? सकाळी पाच वाजता चहा भेटते का?" इथपर्यंत ठीक. मग शेवटचा प्रश्न यायचा, "चादर कुठली हाय तुमची? जरा उलटी करून फोटो धाडा ना." अकरा हॉटेलांनी फोन ठेवून दिला. बाराव्यानं फोटो पाठवला, त्यात पलंगावर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. काकाजी भडकले. "टावेल आंग पुसाले असते का खेळाले? काहून बदक केला त्याचा?" चादरीवर ते बदक बसलं होतं म्हणून चादर नीट दिसली नाही, म्हणून ते हॉटेलही बाद.

मोठा वाद झाला तो खोल्यांवरून. त्यांना एक हॉल हवा होता. बावीस गाद्या, एका ओळीत. मी म्हटलं, "काकाजी, असं हॉटेलात नसतं. एका खोलीत चारच माणसं." ते म्हणाले, "मंग घरीच काय वाईट होतं? आपापल्या घरी चार-चारच तं झोपतो." मी चिडले. आज वाटतं, बरोबर बोलत होते, पण त्या दिवशी मी चिडले.

शेवटी मी कोणालाही न विचारता पार्काला लागून असलेलं एक रिसॉर्ट पक्कं केलं. आता खोल्यांची यादी. आम्ही चौघं एका खोलीत. पुण्याचे चौघं, कुहीचे चौघं. सावनेरच्या मोठ्या लेकाचे चौघं, धाकट्या लेकाचे तिघं, आणि भाऊजी-जाऊबाई दोघं. सहा खोल्या झाल्या, एकवीस माणसं झाली. राहिले काकाजी. मी ग्रुपवर विचारलं, काकाजी कोणाकडे? जाऊबाईंनी लिहिलं, "आमच्याकडे अडचण होईल गं, ते चारला उठतात." त्यांच्याकडे दोन जागा रिकाम्या होत्या. धाकट्या पुतण्याकडे एक रिकामी होती, त्यानं लिहिलं, "बाळ रात्री रडतं, काकाजींनाच त्रास." नणंदेनं हात जोडलेलं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. पुण्याहून तर उत्तरच नाही. आणि मी? मी काही फार थोर नाही. आमच्या दोन्ही पोरांना एका पलंगावर टाकून एक जास्तीची गादी मागवता आली असती. पण तीन महिने मी बाल्टी, मग आणि चादर ऐकलं होतं. मला दोन रात्री चादरीशिवाय हव्या होत्या. मी सातवी खोली घेतली. त्या खोलीच्या रकान्यात लिहिलं, पुरुष एक. मोबाइल नंबर विचारला तिथं काकाजींचा साधा फोन होता त्याचा नंबर टाकला. काकाजींना सांगितलं, "तुमची स्वतंत्र खोली आहे, आरामात राहा." ते म्हणाले, "एवढी खोली घेऊन मी करू काय तिच्यात?"

तरी तयारीला लागले. दुकानात असताना उरलेले कटपीस ते आणून ठेवायचे. त्या तुकड्यांना शिलाई मशिनीवर काठ मारून त्यांनी चादरी केल्या. रोज दुपारी घरभर मशिनीची खडखड. प्रत्येक चादरीचा काठ वेगळा. "कोनाची कोनती ते ओळखू आलं पाहिजेन," म्हणायचे. हॉटेलच्या चादरीवर आपली चादर टाकायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बावीस चादरींचं एवढं मोठं गाठोडं बांधलं. मी कपाळाला हात लावला. बस केली होती म्हणून बरं, नाही तर ते गाठोडं कोणाच्या डोक्यावर दिलं असतं!

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. ते गॅलरीत जाऊन बोलले, आत आले, मला चहा मागितला आणि म्हणाले, "सूनबाई, मी काही येत नाही. गुडघा लय दुखून राहिला. तुम्ही जा, मी घर पाहातो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण हे लिहिते, कारण ते विसरता येत नाही. मी म्हटलं, "तीन महिने माझं डोकं खाल्लं, सगळ्यांना कामाला लावलं, तुमच्या एकट्यासाठी आख्खी खोली घ्यावी लागली, आणि आता गुडघा? जमत नव्हतं तर कशाला नाचवलं सगळ्यांना?" गाठोड्याची गाठ सैल झाली होती ती त्यांनी पुन्हा घट्ट मारली आणि ते दाराजवळ सरकवून ठेवलं. निघायच्या रात्री बस आली तेव्हा खाली आले, गुडघ्याला पट्टाबिट्टा काही नव्हता, गाठोडं स्वतः उचलून वर दिलं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या रिसॉर्टच्या काउंटरवर. तिथं ती पाटी. मी सात खोल्यांचा कागद पुढे केला. काउंटरवरचा टाय घातलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, छह रूम हैं. सिंगल वाला कॅन्सल कर दिया."

"कोणी केला?"

"पॉलिसी है मॅडम. अकेले जेंट्स को रूम नहीं देते. फॅमिलीवालों को तकलीफ होती है. हमने सर को फोन करके पूछा था, फॅमिली साथ में है क्या? सर खुद बोले, फॅमिली नहीं है भाऊ मेरेकू, शादीच नहीं किया."

त्यानं काकाजींची नक्कल केली. चांगली केली. मागे कोणीतरी हसलंसुद्धा, आमच्यातलंच. मी मागे वळून पाहिलं तेव्हा सगळ्यांचं हसू विरलं होतं.

मी त्या काउंटरवर जे भांडले तसं आयुष्यात भांडले नाही. बहात्तर वर्षांचा माणूस तुमच्या फॅमिलीवाल्यांना काय तकलीफ देणार होता, चादरी उलट्या करणार होता? हे एकवीस लोक ज्याच्या जिवावर आज पाळण्यात बसायला आलेत तो माणूस सिंगल जेंट्स? मॅनेजर आला. अगदी गोड बोलला. म्हणाला, "मॅडम, इतना ही था तो उनका नाम आपके ही रूम में डाल देते. एक्स्ट्रा बेड लग जाता. फॅमिली में गिन लेते हम." त्याची पाटी वाईट होती, त्याचा नियम वाईट होता, मी आजही म्हणते. पण पुरुष एक हे मी माझ्या हातानं लिहिलं होतं.

नवऱ्यानं काकाजींना फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "काकाजी, त्यानं विचारलं तेव्हा तुम्ही हो का म्हटलं नाही?"

"खोटं सांगू का वं?" ते म्हणाले. "फॅमिली हाय म्हनू? कोनाची आनू?"

"आणि आम्हाला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही तिथं भांडले असते. लेकराइचं जानं राहून गेलं असतं. आता नको भांडू. पाळन्यात बसवा त्याइले."

आता कथेत असतं तसं काही व्हायला हवं होतं. एकवीस जणांनी ब्यागा उचलायला हव्या होत्या, त्या पाटीला पाठ दाखवून बाहेर पडायला हवं होतं, गावातलं एखादं मंगल कार्यालय गाठून सतरंज्या टाकायला हव्या होत्या. मी म्हटलंही, "चला इथून." भाऊजी म्हणाले, "आता आगाऊ भरलेलं परत देणार नाहीत." जाऊबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी काकाजींना नक्की आणू." पोरं पूल पाहून आधीच आत पळाली होती. आम्ही राहिलो. दोन रात्री राहिलो. पोरं पाळण्यात बसली, त्यांचे फोटो काढले, ग्रुपवर टाकले, त्याखाली सगळ्यांनी लिहिलं, ‘हॅपी फॅमिली’. मीही खाली अंगठ्याचं चित्र टाकलं.

गाठोडं मात्र मी सोडलं. खोल्याखोल्यांची दारं ठोकून प्रत्येकाच्या हातात त्याची चादर कोंबली. कोणी पलंगावर टाकली, कोणी घडी न मोडता खुर्चीवर ठेवली. शेवटी एक उरली, निळ्या काठाची. ती तशीच गाठोड्यात ठेवली. हॉटेलची चादर मी चिमटीत धरून चोळून पाहिली. पांढरीशुभ्र, दाट, गार. इतकी सुंदर चादर मी आजवर कुठं पाहिलेली नाही, आणि काकाजींना ती पसंत पडली असती याचा मला इतका संताप आला की मी ती ओढून खाली टाकली.

काकाजी जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या मयतीला सगळे आले. पुण्याचे तर विमानानं आले. रात्री आमच्या हॉलमध्ये एका ओळीत गाद्या टाकल्या होत्या, आणि अडचण होईल असं कोणी म्हणालं नाही.

पण मला सारखा आठवतो तो सहलीहून परतल्याचा दिवस. आम्ही घरात पाय ठेवला तेव्हा त्यांनी चहा करून ठेवला होता. कोणाला काही विचारलं नाही. गाठोडं ओढून घेतलं, सोडलं, वापरलेल्या चादरी धुवायला एका बाजूला काढल्या. निळ्या काठाची हाताला लागली तेव्हा तिची घडी हातानं सपाट केली आणि मांडीवर ठेवली.

मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "काकाजी, फॅमिली म्हणजे नुसती बायको नाही हो. आम्ही सगळे म्हणजे फॅमिली."

त्यांनी वर पाहिलं. "मंग मी चुकीचं सांगतलं का वं त्याले?"

"तुम्ही नाही. यादी मी चुकीची केली."

त्यांनी मांडीवरच्या घडीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग विचारलं, "चादर कशी होती त्याइची?"

नवरा माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "एकदम भंगार. जाळीदार नुसती, अंगाला टोचत होती. तुमच्या चादरी नसत्या तर झोपच नसती लागली कोणाला."

काकाजींचा चेहरा खुलला. "मले मालूमच होतं," ते म्हणाले. मग ती निळ्या काठाची चादर घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि वळून माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "मंग बरंच झालं वं मी नाही आलो ते."